गुठळी निघाली, नस दुखावली

प्रश्न: माझे वडील ६४ वर्षांचे. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी आठच्या सुमारास चहा पिताना कप हातातून गळून पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं, उजवा हातपाय लुळा पडला. कराडला सीटी करून लकवा सांगितला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि मेंदूची मोठी नस बंद आहे म्हणून पुण्याला पाठवलं. तिथे दुपारी जांघेतून तार घालून गुठळी काढली. सही मी केली, कारण भाऊ दुबईत आणि आई भानावर नव्हती. नंतर डॉक्टर म्हणाले, गुठळी निघाली पण नसेला थोडी इजा झालीय, थोडं रक्त आलंय. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: चार पास, टिकी २बी, डाव्या आयसीएमध्ये डिसेक्शन, एम१ला व्हॅसोस्पाझम, सल्कल एसएएच. बाबा आता काठी घेऊन चालतात, पण शब्द सापडत नाहीत. काका घरी येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "इंजेक्शनवर भागलं असतं. तू सही केलीस आणि त्यांनी नस फाडली." भाऊ म्हणतो, ग्राहक मंचात जायचं. कार्डावर रक्तस्राव वाचून मी गेल्या आठवड्यापासून त्यांची रक्त पातळ करायची गोळी बंद केलीय. माझं चुकलं का? ती नस पुन्हा फुटेल का?
— एक मुलगी, सातारा जिल्हा

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी ती गोळी. हॉस्पिटलच्या न्यूरो ओपीडीला आत्ताच फोन लावा आणि सांगा, "गळ्यातल्या धमनीच्या डिसेक्शनचा पेशंट आहे, आठवडाभर गोळी बंद आहे, कधीपासून आणि किती द्यायची?" उद्यावर ढकलू नका. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नका, कारण बाबांचे कागद त्यांनी पाहिलेत, मी नाही. पण तुमच्या भीतीचा हिशोब उलटा बसलाय, तेवढं सांगते. सल्कल एसएएच म्हणजे मेंदूच्या घड्यांमध्ये उतरलेलं थोडं रक्त. सहा आठवड्यांत ते बहुधा शरीराने शोषून घेतलेलं असतं. डिसेक्शन, म्हणजे धमनीचा आतला थर फाटणं, मात्र भरायला महिने घेते. त्या सोललेल्या जागेवर नवी गुठळी धरू नये म्हणूनच ती गोळी दिलेली असते आणि साधारणपणे निदान तीन महिने तरी चालू ठेवतात. आजच्या घडीला बाबांच्या बाबतीत रक्त गोठण्याची काळजी जास्त आहे. कार्डावर दुसऱ्या सीटीची तारीख आणि गोळी सुरू केल्याची तारीख शोधून शेजारी शेजारी ठेवा. रक्त वाढलेलं नाही हे सीटीत पाहूनच गोळी सुरू केली जाते. तुमच्या कार्डावरही तोच क्रम दिसायला हवा.

फोन झाला असेल तर आता नसेकडे येऊ.

हातापायातल्या धमनीला चहूबाजूंनी स्नायूंचा, चरबीचा टेकू असतो. तिथे सुईने भोक पडलं तरी वरून दाबून धरता येतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांना असा टेकू नाही. त्या पाण्यासारख्या द्रवात असतात, त्यांची भिंत पातळ असते आणि बाकी धमन्यांना असणारं बाहेरचं लवचीक अस्तर त्यांना जवळजवळ नसतंच. कार्डावरची 'एम१' ही मेंदूच्या मधल्या धमनीची सुरुवात, रुंदी साधारण तीन मिलिमीटर. तिच्या अंगातून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक फांद्या निघून मेंदूच्या खोल भागात शिरतात. काम करायचं ते इतक्याशा जागेत.

काम कसं होतं ते तुम्हाला कुणी बसून सांगितलं नसावं. त्या वेळी सांगण्याइतका वेळही नसतो. जांघेतल्या धमनीतून (काही ठिकाणी मनगटातून) एक नळी छातीतून वर गळ्यातल्या मोठ्या धमनीपर्यंत नेतात. ही धमनी म्हणजे तुमच्या कार्डावरची आयसीए. वय झालेल्या, वर्षानुवर्षं बीपी असलेल्या माणसाच्या धमन्या सरळ राहत नाहीत, वेटोळ्या होतात. नळीला प्रत्येक वळण घेत वर जावं लागतं. त्या नळीतून आणखी बारीक नळी, तिच्यातून केसाएवढी तार. वाटेत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रावण) सोडत, पडद्यावर धमनी उजळत जाते तसं पुढे सरकायचं.

गुठळीपाशी आलं की पडदा काळा. डाय गुठळीपलीकडे जातच नाही, कारण रस्ताच बंद आहे. तरीही तार पलीकडे न्यावी लागते, आणि ती दिसत नसलेल्या धमनीत, शरीररचनेच्या ज्ञानावर आणि बोटांना जाणवणाऱ्या अडथळ्यावर. पलीकडे धमनी डावीकडे वळलीय की तिथेच तिला दोन फाटे फुटलेत, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसत नसतं. धमनीला आरपार भोक पडण्याचे प्रसंग बरेचदा इथेच घडतात. कॅथलॅबमध्ये सगळ्यांत जास्त शांतता या मिनिटाला असते, कारण पुढचा डायचा शॉट घेतल्यावर तो धमनीच्या आतच दिसतो की बाहेर ढगासारखा पसरतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

त्यानंतर जाळी. नायटिनॉल नावाच्या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची ही जाळी नळीतून बाहेर आली की आपोआप उमलते आणि गुठळीत रुतते. काही मिनिटं थांबायचं, म्हणजे गुठळी जाळीत नीट धरली जाते. मग मागून पंपाने रक्त ओढून घेत जाळी गुठळीसकट मागे खेचायची. काही डॉक्टर जाळी न वापरता रुंद नळीने नुसती ओढूनच गुठळी काढतात, काही दोन्ही एकत्र वापरतात. जाळी मागे येताना वळणावळणावर भिंतीला घासते. ओल्या भिंतीवर घट्ट चिकटलेला कागद ओढला की रंगाचा पापुद्राही सोबत येतो, तसं धमनीच्या आतल्या नाजूक थराचं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत, जाळी फिरलेल्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा तो थर ठिकठिकाणी खरवडला गेलेला आढळला. माणसांत अशा प्रक्रियेनंतर धमनीच्या भिंतीचा खास एमआरआय केला, तर अनेकदा भिंत सुजल्यासारखी उजळलेली दिसते.

म्हणून 'नसेला इजा झाली का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. थोडीफार इजा यात बहुधा होतेच. किती झाली, कुठल्या प्रकारची झाली, ती कधी लक्षात आली आणि लक्षात आल्यावर काय केलं, हे प्रश्न कामाचे आहेत.

तुमच्या कार्डावरचे शब्द याच क्रमाने वाचा. व्हॅसोस्पाझम म्हणजे नळी-जाळीच्या त्रासाने धमनीने अंग चोरणं. हे बऱ्याच जणांत दिसतं. जाळी काढून थोडं थांबलं की बहुतेकदा आपोआप सुटतं, नाही सुटलं तर नळीतून औषध सोडतात. सहा आठवड्यांनी त्याची चिंता करायचं कारण नाही. डिसेक्शन म्हणजे भिंतीचा आतला थर फाटून भिंतीच्या पदरांत रक्त शिरणं. तुमच्या कार्डावर ते आयसीएमध्ये आहे, म्हणजे गळ्यातून वर जाणाऱ्या धमनीत. बहुतेक वेळा ते मुख्य नळी वळणातून नेताना होतं. प्रवाह अडत असेल तर तिथे स्टेंट बसवावा लागतो. तुमच्याकडे स्टेंटचा उल्लेख नाही, म्हणजे प्रवाह चालू राहिला असावा आणि गोळीवर भागवलं. उरला सल्कल एसएएच. धमनीला सरळ भोक पडलं असतं तर कार्डावर 'परफोरेशन' हा शब्द असता, सोबत ते बंद कसं केलं हेही असतं: फुगा फुगवून, कॉइल टाकून, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं असेल तर त्यावरचा उतारा देऊन. नुसतं घड्यांमधलं थोडं रक्त हे बरेचदा जाळी खेचताना धमनीच्या बारीक फांद्यांवर ताण येऊन झालेलं असतं. ते दिसायला भीतिदायक, पण सोबत मेंदूच्या आत मोठा रक्तस्राव नसेल तर पेशंटच्या पुढच्या वाटचालीवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो. आणखी एक गंमत अशी, की प्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या सीटीवर डायसुद्धा रक्तासारखाच पांढरा दिसतो. ड्युअल एनर्जी सीटी असेल तर फरक लगेच कळतो, नसेल तर २४ तासांनी पुन्हा सीटी काढून बघावं लागतं: डाय ओसरतो, रक्त राहतं.

'चार पास' म्हणजे चार वेळा जाळी आत गेली आणि खेचली. पहिल्याच खेचण्यात पूर्ण प्रवाह सुरू झाला तर पेशंटचं सगळ्यांत चांगलं होतं. नंतरच्या प्रत्येक खेपेला यशाची शक्यता घटत जाते आणि रक्तस्रावाची वाढत जाते, हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असतं. मग चौथ्यांदा का गेले? कारण तिसऱ्यानंतरही नस बंद असेल तर थांबणं म्हणजे डाव्या मेंदूचा मोठा तुकडा सोडून देणं. काही गुठळ्या लाल आणि मऊ असतात, पटकन येतात. काही पांढरट, चिवट, फायब्रिनने भरलेल्या असतात आणि जाळीला दाद देत नाहीत. काहींच्या बाबतीत गुठळीखाली धमनी आधीपासूनच चरबीच्या थराने अरुंद झालेली असते. हा प्रकार युरोप-अमेरिकेपेक्षा आपल्याकडे आणि एकूण आशियात जास्त दिसतो, आणि तिथे जाळी खेचणं आणखी अवघड जातं. चार ही काही अघोरी संख्या नाही. आणि टिकी २बीचा अर्थ असा, की शेवटी त्या धमनीवर पोसल्या जाणाऱ्या मेंदूच्या अर्ध्याहून जास्त भागात रक्त पुन्हा पोचलं. शून्यापासून तीनपर्यंतच्या या मोजमापात २बी आणि त्याच्या पुढचं ते यश धरतात.

आता काकांचं म्हणणं. काका वडीलधारे आहेत, त्यांच्या भावाला झालंय, त्यांचं दुःख मला समजतं. पण सगळ्यांदेखत तुम्हाला ते बोलले ते बोलायला नको होतं, आणि वैद्यकाच्या बाजूनेही ते बरोबर नाही.

इंजेक्शनवर भागलं असतं का? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण हा प्रश्न घेऊनच माणसांवर चाचण्या झाल्यात. आणि तेव्हा डॉक्टरसुद्धा काकांसारखेच साशंक होते. गुठळी ओढून काढायचं पहिलं उपकरण अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं. बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी पिळदार तार होती ती. पुढे २०१३ साली तीन चाचण्यांचे निकाल एकदम आले आणि तिन्हींत इंजेक्शनसारख्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. हे तंत्र आता बाद होणार, असं पुष्कळांना वाटलं. फरक पडला तो नव्या जाळ्यांमुळे, वेळ वाचवल्यामुळे आणि मोठी धमनी खरंच बंद आहे हे आधी सीटी अँजिओवर (डाय देऊन काढलेल्या धमन्यांच्या सीटीवर) पाहून मगच पेशंट निवडल्यामुळे. २०१५ साली नेदरलँड्सच्या चाचणीपाठोपाठ आणखी चार चाचण्यांचे निकाल आले, पाचही एकाच बाजूने. त्यांतल्या १,२८७ पेशंटची माहिती २०१६ साली एकत्र मांडली गेली. तीन महिन्यांनी स्वतःची कामं स्वतः करू शकणारे लोक प्रक्रिया झालेल्या गटात ४६ टक्के होते, न झालेल्या गटात साडेसव्वीस टक्के. आणि काकांना हे जरूर सांगा: न झालेल्या गटातल्या बहुतेकांना तेच इंजेक्शन मिळालेलं होतं, जे बाबांना कराडला मिळालं. मोठ्या धमनीतली मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने विरघळतेच असं नाही, बरेचदा विरघळत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रकृती बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव प्रक्रिया झालेल्यांत ४.४ टक्के, न झालेल्यांत ४.३ टक्के. जवळजवळ सारखाच. तारेने, जाळीने काही जणांच्या धमन्या दुखावतात हे खरंच आहे. धमनीला भोक पडणं साधारण शंभरात एखाद्या-दुसऱ्याच्या वाट्याला येतं, काही ठिकाणच्या नोंदींत थोडं जास्त, डिसेक्शनचंही तसंच. पण नस बंद ठेवली तर मेलेल्या मेंदूत आपोआपही रक्त उतरतं. दोन्ही पारड्यांत धोका होता. एका पारड्यात शिवाय लुळं पडून राहण्याची शक्यता फार मोठी होती. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेलाय. तुम्ही पेन हातात घेतलं तेव्हा हे मीटर पळत होतं.

हे तंत्र सगळ्यांनाच लागू पडतं असं मात्र मी म्हणत नाही. यात उत्साहाच्या भरात वाहवत जाणारे लोक आमच्या पेशातही आहेत. २०२५ साली मेंदूतल्या मध्यम आणि लहान धमन्यांमधली गुठळी काढण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि दोन्हींत औषधोपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. धमनी जितकी बारीक आणि आत दूरवर, तितकी ती खेचल्यावर दुखावण्याची भीती जास्त आणि वाचणारा मेंदू कमी. बाबांची गुठळी त्या जातीची नव्हती. कार्डावर एम१ आहे. आजही जगात कुठेही, वेळेत पोचलेल्या अशा पेशंटला हीच प्रक्रिया सुचवली जाईल.

तर, सहीचं. नाही, चुकलं नाही. संमतीपत्रावर सही करणारा माणूस धोका निर्माण करत नाही. धोका सकाळी आठला कप पडला तेव्हाच आला होता.

भावाला हे पत्र जरूर पाठवा, कारण त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ग्राहक मंचाला २०१९च्या कायद्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात; तक्रारीला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे या आठवड्यात धावत सुटायची गरज नाही. आधी कागद मागा. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्यात असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२चा नियम आहे. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. प्रक्रियेची सविस्तर नोंद, अँजिओग्राफीची सीडी, सगळे सीटी, आयसीयूचे तक्ते आणि तुम्ही सही केलेला कागद मागा. मग दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या, हीच प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला ती सीडी दाखवून मत घ्या. इजा झाली एवढ्याने हलगर्जीपणा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेच सांगितलंय: निर्णय चुकणं किंवा अपघात होणं वेगळं आणि सर्वसाधारण डॉक्टर जी काळजी घेतो ती न घेणं वेगळं. मला विचाराल तर तुम्ही जे लिहिलंय त्यात एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूची आहे. इजा झाल्याचं त्यांनी तुम्हाला तोंडी सांगितलं आणि कार्डावर शब्दाशब्दाने लिहिलं. लपवायचं असतं तर तुम्हाला मला लिहायला हे शब्दच मिळाले नसते. सीडी पाहून दुसऱ्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं, तर भावाने पुढे जरूर जावं.

'पुन्हा फुटेल का' याचं उत्तर: घड्यांमधलं रक्त ज्या बारीक जागेतून आलं ती जागा सहा आठवड्यांत बहुधा बुजलेली असते. डिसेक्शन बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत भरतं. थोड्यांमध्ये तिथे भिंतीला फुगवटा राहतो किंवा धमनी अरुंद होते, म्हणून गळ्याची आणि डोक्याची सीटी किंवा एमआर अँजिओ पुन्हा करून बघतात. ती कधी करायची हे फॉलोअपला विचारा, आणि तारीख ठरवूनच घरी या. मेंदूतल्या ज्या धमनीतून जाळी फिरली, तीही काही जणांत नंतर अरुंद होते. तेही त्याच तपासणीत कळेल.

तोवर घरात लक्ष कशावर ठेवायचं? अचानक प्रचंड डोकं दुखणं, फिट, नव्याने हातपाय किंवा बोलणं जाणं, यांपैकी काहीही झालं तर १०८. कराडला आधी न्या की थेट पुण्याला, हे तुमच्या न्यूरो डॉक्टरांशी आजच बोलून ठेवा आणि तो नंबर आईच्या फोनमध्येही टाका. डाव्या बाजूने मान किंवा चेहरा दुखू लागला, डावी पापणी किंचित खाली आली आणि त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा बारीक दिसली, तर तेही त्याच दिवशी दाखवा, कारण गळ्यातल्या धमनीला चिकटून जाणाऱ्या मज्जातंतूंवर डिसेक्शनचा दाब आला की असं होतं. जांघेत जिथून नळी घातली तिथे ठोके जाणवणारी गाठ हाताला लागतेय का, एकदा बघून घ्या. आंघोळ घालताना सहज कळतं. बीपी घरी मोजा, वहीत लिहा आणि आकडा किती हवा ते डॉक्टरांकडून त्याच वहीत लिहून घ्या. फुटलेल्या-सोललेल्या नसेला वाढलेल्या बीपीइतकं वाईट दुसरं काही नाही. तंबाखू, मिश्री, बिडी यांतलं काही असेल तर आता पूर्ण बंद. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही. मानेला मालिश, कडाकड मान मोडणारे वैद्य, हेही नको. डिसेक्शन असलेल्या मानेला कुणाचा हात लावू देऊ नका.

शब्द सापडत नाहीत याला वाचाघात म्हणतात. ते नसेच्या इजेमुळे झालेलं नाही, डाव्या मेंदूचा जेवढा भाग त्या सकाळी उपाशी राहिला त्यामुळे झालंय. स्पीच थेरपी सुरू नसेल तर या आठवड्यात सुरू करा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते, आणि त्यातले सहा आठवडे गेलेत. जिल्ह्याच्या ठिकाणी थेरपिस्ट नसेल तर व्हिडिओ कॉलवरही शिकवतात. घरी एक करून बघा: सोबत बसून आठवड्याचे वार, पाढे, रोजची आरती म्हणा. पाणी मागताना अडखळणारा माणूस आरतीत शब्दन् शब्द बरोबर म्हणतो असं मी अनेकदा पाहिलंय, कारण पाठ असलेलं आणि चालीतलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. याने आजार बरा होतो असा माझा दावा नाही, पण स्वतःचा आवाज ऐकून पेशंटला जो हुरूप येतो तो थेरपीत उपयोगी पडतो. आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. थांबा. त्रास होतो बघताना, तरी थांबा.

तुमच्या पूर्ण पत्रात एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही. काकांनी नाही, भावाने नाही, तुम्हीही नाही. गुठळी आली कुठून? नस कुणी दुखावली यावर घरात इतकं बोलणं झालं, पण गुठळीचं मूळ सापडलं नसेल तर दुसरी गुठळी येऊ शकते, आणि त्या वेळी नस आधीच दुखावलेली असेल. कार्डावर कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. गळ्यातल्या धमनीत आधीपासून चरबीचा थर होता का, हृदयाची इको झाली का, आणि मुख्य म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात का हे २४ तास किंवा जास्त वेळ मशीन लावून पाहिलं का? याला होल्टर म्हणतात. साध्या ईसीजीत काही सेकंदांचेच ठोके येतात, आणि अधूनमधून बिघडणारी लय त्यात निसटते. बाबांच्या वयात, बीपी आणि शुगर असताना, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हीच बिघडलेली लय, हे मोठ्या गुठळीचं नेहमीचं कारण आहे. ते सापडलं तर गोळीच बदलते: ॲस्पिरिनसारख्या गोळीऐवजी वेगळ्या जातीचं, जास्त जोरकस रक्त पातळ करणारं औषध लागतं, आणि झालेला रक्तस्राव पाहता ते कधी सुरू करायचं हा निर्णय पूर्णपणे न्यूरो आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. फॉलोअपला जाताना प्रश्नांची यादी न्याल, तर हा पहिल्या नंबरवर लिहा. होल्टर झालं नसेल तर ते लावूनच परत या.